टुव्हाचे कागदी कान

क्रोकव्हात्न, २१ ऑगस्ट

रिस्टीन,

माझं अक्षर ओळखून तू हे पाकीट न फोडताच खिडकीत ठेवून देशील, असं धरून चालले आहे. फोडलंसच तर कामाचं आधी सांगून टाकते. तुझी अट मला पोचली. आमच्या मुख्याध्यापिकेनं ती खाली मान घालून वाचून दाखवली. जशी काही तिनंच घातली होती! टुव्हाला आपली सामी भाषा शिकायची आहे, शिकवणारी आल्मा, म्हणजे मी, असली तरी चालेल, पण आल्मा आपली आजी आहे हे मुलीला कळता कामा नये. कबूल. मी शब्दाची पक्की आहे, हे तरी तू नाकारणार नाहीस.

दुसरी कोणी असती तर तू मुलीला तिच्याकडेच बसवलं असतंस, हे मला कळतं. पण आपली दक्षिणेकडची सामी पडद्यावरून शिकवणारं माणूस या घडीला मीच आहे, आणि तुझ्या बर्गेनच्या पावसात ती बोलणारं कोणी सापडायचं नाही. म्हणजे अडलीस म्हणून आलीस. येऊ दे, कशीही ये.

आज पहिला तास झाला. माझ्यासमोर भिंतीएवढा पडदा, त्यावर चार चौकटी, चार शाळांतली चार पोरं. आधी ओला नावाचा मुलगा दिसला. तो तिकडे नॉर्दलँडमधल्या एका बेटावरचा, आणि तास सुरू होण्याआधीच त्याने तपकिरी चीजचा पाव तोंडात कोंबला होता. मग दोघी बहिणींसारख्या दिसणाऱ्या पण बहिणी नसलेल्या पोरी आल्या. शेवटची चौकट बराच वेळ काळी राहिली. मग उजेड झाला आणि तुझी मुलगी टेबलावर कोपरं टेकून बसलेली दिसली.

ती रांगत होती तेव्हा मी तिला शेवटची पाहिली. आता पुढचे दोन दात पडलेत आणि बाहीचं टोक चघळते. तिच्याशेजारी हेगे म्हणून तुमच्या शाळेतली मदतनीस बाई बसते, नियमच आहे तसा. बाई बरी आहे, पोरीच्या तोंडातली बाही हळूच काढून घेते.

"तू कुठं आहेस, आल्मा?" टुव्हाने विचारलं.

"डोंगरात, तळ्याच्या काठी."

"तिथून आमच्याकडं यायला किती वेळ लागतो?"

मी म्हटलं, पुष्कळ लागतो. दुसरं काय सांगणार होते?

आई


क्रोकव्हात्न, १८ सप्टेंबर

रिस्टीन,

उत्तर नाही. अपेक्षाही नव्हती. तरी पोस्टाची पिवळी गाडी वळणावर दिसली की मी दाराशी जाते. शेजारचा अंतोन म्हणतो, "आल्मा, त्या पोस्टमनशी लग्न करतेस का काय?" त्याला मी काही बोलत नाही. अंतोनशी बोलायचं नाही ही या घराची जुनी रीत आहे, आणि तुझा बाप याकोब गेला तरी मी ती पाळते.

शाळेचं ऐक. वरून नवी सामग्री आली आहे. राजधानीत बसून केलेली, चकचकीत. पडद्यावर बोट लावलं की रेनडियर उड्या मारतो, बरोबर उत्तर दिलं की घंटा वाजते. अडचण एवढीच की शब्द सगळे उत्तरेकडच्या सामींचे. मी फोन केला तर पलीकडचा मुलगा म्हणाला, "पण सामीच आहे ना ते?" मी म्हटलं, "बाळा, तुला उद्यापासून डेन्मार्कची पुस्तकं देते, वाच, तेही जवळचंच आहे." तो दुखावला. मग मी नेहमीसारखी कात्री, पुठ्ठा आणि कॅमेरा काढला. इतकी वर्षं झाली, आपली पोरं आपल्या भाषेत जे शिकतात ते कोणा ना कोणा बाईनं स्वैपाकघरातल्या टेबलावर केलेलं असतं.

आज रेनडियरची नावं घ्यायची होती. वासरू, दुसऱ्या वर्षाचा नर, वांझ मादी, एका शिंगाची, काळ्या तोंडाची. मी वाचून दाखवलं असतं तरी चाललं असतं. पण माझ्याकडे याकोबच्या आवाजात आहेत. तो गेला त्याच्या आदल्या शरदात मी त्याला कुंपणापाशी उभं केलं होतं आणि समोरून जाईल ते जनावर ओळखून नाव घे म्हटलं होतं. तो पहिल्यांदा घसा खाकरतो. मग कुत्रं भुंकतं, तो कुत्र्याला एक शिवी देतो, ती मी कापली. मग नावं येतात, एकामागून एक, घाई नाही. पोरं त्याच्या मागून म्हणतात.

टुव्हाने हात वर केला.

"हे आजोबा कोण आहेत?"

"रेनडियरवाले एक म्हातारे."

"रागीट आहेत का?"

"होते. पण जनावरांवर नाही."

"मला आवडला त्यांचा आवाज," ती म्हणाली, "पुन्हा लाव."

मी लावला. तुझी अट मोडली नाही, बघ. पण रिस्टीन, चार शाळांत एकदम तुझ्या बापाचा आवाज घुमत होता आणि त्याची नात त्याच्या मागून 'काळ्या तोंडाची' म्हणत होती, आणि मला पडद्याकडे पाठ करून फळा पुसावा लागला. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं. तास झाल्यावर ओला म्हणाला, "आल्मा, तू उगाच काय पुसत होतीस?" त्या पोराच्या नजरेतून काही सुटत नाही.

मार्चमध्ये भाषेचा आठवडा आहे. पडद्यावरची सगळी पोरं खरीखुरी इथं येतात, वसतिगृहात राहतात, स्की करतात, रेनडियरच्या मांसाचा रस्सा पितात आणि पाच दिवस नुसती सामी बोलतात. परवानगीचा कागद शाळा तुला पाठवेल. मी शिक्षिका म्हणूनच भेटेन. तिला आल्मा म्हणू दे मला. मला फक्त ती पूर्ण दिसायला हवी आहे. पडद्यावर ती कमरेपासून वर दिसते. ती चालते कशी, हे मला ठाऊक नाही.

आई


क्रोकव्हात्न, ९ ऑक्टोबर

रिस्टीन,

आज मी रागात आहे आणि रागात लिहिते आहे. निवल्यावर लिहीन म्हटलं तर लिहायचंच राहून जाईल.

गेल्या आठवड्यात पोरांना घरचा अभ्यास दिला होता. घरी विचारून या, आपल्या रेनडियरच्या कानाला मालकीची खूण म्हणून कुठं कशी काप देतात. ज्यांच्या घरी रेनडियर नाहीत त्यांनी मनची करा. पुठ्ठ्याचे दोन कान कापायचे, त्यांवर खूण कात्रायची आणि ते स्वतःच्या डोक्याशी धरून कॅमेऱ्यासमोर यायचं. दरवर्षीचा खेळ आहे, पोरांना फार आवडतो. ओलाने तर कानाला रक्त म्हणून बेरीचा मुरंबा लावला होता.

टुव्हा शेवटची आली. कान छान कापले होते. थोडा वेळ पडद्यात स्वतःकडे बघून काहीतरी खटपट केली, मग दोन्ही हात डोक्याशी धरून ताठ उभी राहिली. "ही आईच्या घरची खूण आहे. आईनं शिकवली."

मी पाहिलं. डाव्या कानाचं टोक तिरकं उडवलेलं. उजव्या कानाला मागून दोन खाचा.

ती खूण कोणाची, तुला सांगायला हवं का? अंतोनची! तुझ्या बापाचं टोक उजव्या कानाचं आणि खाचा डाव्याला. डावं-उजवं बदललं की माल दुसऱ्याचा. याच एका गोष्टीवरून याकोब आणि अंतोन जन्मभर एकमेकांना चोर म्हणत आले. बाळंतपणात मला दवाखान्यात न्यायला अंतोनची गाडी होती, तर तुझा बाप त्या गाडीत बसला नाही, मागून बर्फावर चालणाऱ्या स्कूटरने आला. तू हे ऐकतच वाढलीस. आणि तू पोरीला अंतोनचे कान शिकवलेस?

मी उचलली जीभ लावली टाळ्याला. हसतच म्हटलं, पण म्हटलं, "अगं, हे तर दुसऱ्याचे कान! दुसऱ्याची खूण लावतो त्याला आमच्याकडं चोर म्हणतात." ओला लगेच ओरडला, "चोर, चोर!" बाकीच्या दोघी हसल्या. टुव्हाने कान खाली घेतले आणि टेबलावर पालथे ठेवले. मग मान खाली गेली ती वर आलीच नाही. हेगेने चौकट बंद केली.

पोरीला लागलं ते मला दिसलं, आणि त्याचं मला वाईट वाटतं. पण तुझा राग कुठं ठेवू? तुला पवनचक्क्या उभ्या करायच्या होत्या, केल्यास. मग तशाच याकोबच्या हिवाळी कुरणावरही उभ्या राहिल्या. तुझ्या कंपनीच्या नव्हत्या, दुसऱ्यांच्या होत्या, हे मला ठाऊक आहे, त्यालाही ठाऊक होतं. तो म्हणाला, "ती पाती फिरताहेत तोवर या दारात येऊ नकोस." मी तेव्हा कॉफी गाळत होते. तू कोट घालून गेलीस. पुढं त्याला मातीत ठेवला तेव्हा सगळं खोरं आलं, अंतोनसुद्धा मागं टोपी काढून उभा होता, फक्त तू नव्हतीस. ते सगळं मी गिळलं. पण बापाचा कान विसरलीस, हे गिळवत नाही. का मुद्दाम शिकवलास, सूड म्हणून? तसं असेल तर तूही त्या दोघा म्हाताऱ्यांसारखीच झालीस.

आई


क्रोकव्हात्न, २ नोव्हेंबर

रिस्टीन, माझ्या पोरी,

हे वाच. मागचं वाचून फाडलं असशील तर ठीकच केलंस, पण हे वाच.

टुव्हाची खुर्ची तेव्हापासून रिकामी आहे. हेगे पहिल्यांदा म्हणाली, पोटात दुखतंय म्हणते. दुसऱ्यांदाही तेच. काल शाळेचा निरोप आला, नाताळानंतर टुव्हाचा सामी विषय काढून टाकावा अशी पालकांची इच्छा आहे. 'पालकांची' म्हणजे तुझी, आणि बरोबर आहे तुझं.

आज सकाळी पुढच्या वर्षीसाठी त्या खेळाचं चित्र करायला बसले होते. बाकीच्या शाळांतल्या शिक्षकांनीही वापरावं म्हणून मी अशी चित्रं सगळ्यांसाठी ठेवते. माझे स्वतःचे पुठ्ठ्याचे कान कापले, याकोबच्या खुणेचे. कॅमेरा लावला, कान डोक्याशी धरले आणि पडद्यात पाहिलं. टोक उडवलेला कान समोरच्या बाईच्या डाव्या बाजूला! मी मनात म्हटलं, मूर्ख बाई, उलटे धरलेस. आणि हात आपोआप अदलाबदल करून मोकळे झाले. मग पडद्यात ते ठीक दिसू लागले.

मी तशीच उभी राहिले, दोन्ही हात डोक्याशी.

स्वतःची चौकट आरशासारखी दिसते, रिस्टीन. ज्याची त्याला उलटी, बाकीच्यांना सुलटी. इतकी वर्षं या यंत्रापुढं उभी राहते आहे आणि हे मला ठाऊक नाही असंही नाही. पोरांना मी स्वतः सांगते, तुम्ही कागदावर लिहून धरलेलं तुम्हाला स्वतःला उलटं दिसलं तर घाबरू नका. तरी कानांच्या वेळी डोक्यात आलं नाही. टुव्हाने कान घरून बरोबर आणले होते. मला आता लख्ख आठवतं, तिने आधी धरले ते बरोबरच धरले होते. मग स्वतःकडे पाहून तिला वाटलं आपलं चुकलं, आणि तिने बदलले. ती पडद्यासमोर जी खटपट करत होती ती हीच. पोर आपली चूक सुधारत होती आणि मी तिला चोर म्हटलं.

म्हणजे तू तिला शिकवलंस, उजव्याचं टोक आणि डाव्याच्या दोन खाचा. बर्गेनमध्ये, जिथं रेनडियर फक्त दुकानातल्या स्वेटरवर असतो, तिथं बसून तू तिला बापाचा कान शिकवलास आणि तो बरोबर शिकवलास. मी खुर्चीवर बसले आणि किती रडले ते सांगत नाही. अंतोन खिडकीवरून जात होता, डोक्यावर पुठ्ठ्याचे कान धरून रडणारी बाई त्याने पाहिली. त्याने आत येऊन कॉफीचं पाणी ठेवलं. मी त्याला सगळं सांगितलं. "या घरात पहिल्यांदाच कॉफी पितोय," एवढंच म्हणाला. मग जाताना दारात थांबला. "त्या पोरीला सांग, अंतोन म्हणतो तिने त्याचे कान खुशाल लावावेत." सांगशील?

आजच्या तासाला मी तिन्ही पोरांना उभं केलं आणि उजवा हात वर करायला लावला, पडद्यात बघायला लावलं. मग सांगितलं की टुव्हाचे कान बरोबर होते, चूक माझी होती. ओलाने हात खाली घेतला. म्हणाला, "मग मी तिला चोर म्हणालो त्याचं काय?" मी म्हटलं, तू तिला सांग. तो म्हणाला, "ती आहे कुठं?"

ती कुठं आहे, रिस्टीन?

आजी म्हणून मी काही मागत नाही, ते तू मला दिलेलंच नाहीस. शिक्षिका म्हणून मागते. माझ्याकडून चूक होऊन पोर भाषा सोडून गेली, असं आजवर झालेलं नाही. तिला पाठव. मी दुसऱ्या कोणाला तिच्या तासाला बसवू शकत नाही कारण दुसरं कोणी नाही, पण तुला हवं तर मी बोलेन कमी आणि याकोबचा आवाज जास्त लावेन. मार्चचा कागद सही न करता फाडून टाक, चालेल. फक्त ती चौकट उजळू दे.

आणि आता एक गोष्ट आई म्हणून. मला तुझी आठवण येते. पोरीची येते त्याहून वेगळी, आणि जास्त. पोर मला पडद्यावर तरी दिसली, तू तर तेवढीही दिसत नाहीस.

आई


क्रोकव्हात्न, १५ जानेवारी

रिस्टीन,

आज जे झालं ते तुलाही ठाऊक आहे, तू तिथंच होतीस. तरी लिहिते. तू तुझ्या बाजूनं पाहिलंस, मी माझ्या बाजूनं काय पाहिलं ते तुला कोण सांगणार?

सुट्टीनंतरचा पहिला तास. टुव्हाचं नाव यादीतून काढलेलं नव्हतं, एवढं मला सकाळी कळलं होतं. पण शाळेच्या कारकुनीचा काय भरवसा, म्हणून मी आशा धरली नाही. तीन चौकटी आल्या. चौथी काळी होती. मी सुरुवात केली, आणि ती उजळली.

टुव्हा होती. पुढचे दात आले आहेत. शेजारच्या खुर्चीत हेगे नव्हती. आधी मला फक्त कोट दिसला, निळा, भिजलेला, खांद्यावर पाण्याचे थेंब. मग माणूस वाकून कॅमेरा सरळ करायला पुढं आलं आणि तुझा चेहरा अख्ख्या चौकटीत भरला.

"हेगेचा पाय मोडलाय," टुव्हा म्हणाली. "घरासमोरच्या बर्फावर घसरली. म्हणून आई आली. मोठं माणूस लागतंच ना."

"लागतं," मी म्हटलं.

तू मागं सरून बसलीस, हाताची घडी घालून, कोटाची बटणं लावलेलीच. बारीक झाली आहेस. केस कापलेस. कपाळावर एक उभी रेघ आहे, ती पूर्वी नव्हती. तू माझ्याकडे पाहत नव्हतीस, कॅमेऱ्याखालच्या कुठल्या तरी वायरकडे पाहत होतीस.

ओला आधी उठला. "टुव्हा, तू चोर नाहीस. यंत्र उलटं आहे." टुव्हा म्हणाली, "मला आईनं दाखवलं. आरशासमोर." मग दोघं लगेच कोणाच्या घरी किती बर्फ पडला यावर भांडायला लागले, आणि संपलं ते.

रिस्टीन, त्या तासाला घराण्याचा पाठ होता. मी तो मुद्दाम ठेवला नव्हता. वर्षाच्या सुरुवातीला आखलेला असतो, जानेवारीत तोच येतो. तुला पाहिल्यावर मी तो बदलणार होते. हवामान घेऊ, रंग घेऊ असं मनात चाललं होतं, पण एवढ्यात त्या दोघींपैकी एकीने सुरूही केलं. माझं नाव अमुक, माझ्या आईचं नाव अमुक, वडिलांचं अमुक. मग दुसरी. मग ओला, त्याने मांजराचं नावही घातलं. मग टुव्हा. तिने स्वच्छ म्हटलं, तुझं नाव घेतलं, तिच्या बापाचं घेतलं. मी 'बरोबर' म्हटलं आणि पान उलटणार, तर ती तुझ्याकडे वळली.

"आई, तुझी पाळी."

"मी नाही गं. मी नुसती बसलेय."

"असं नसतं. शेजारी बसतं त्यानंही म्हणायचं. हेगे पण म्हणते, आणि तिला तर येतही नाही."

मी बोलणार होते, टुव्हा, राहू दे. तोंड उघडलंही. पण तू हाताची घडी सोडलीस.

तू हळू बोललीस. शब्द आठवत आठवत. आपल्या भाषेत. तुझं नाव सांगितलंस. वडिलांचं नाव याकोब होतं म्हणालीस, 'होतं'च म्हणालीस, आणि तिथं थांबलीस. मग म्हणालीस, माझ्या आईचं नाव आल्मा.

टुव्हा हसली. "आल्मा? हिच्यासारखं?"

तू प्रथमच वर पाहिलंस. "हिच्यासारखं नाही," तू म्हणालीस. "हीच."

माझ्याकडून तुमच्याकडे आवाज पोचायला थोडा वेळ लागतो, आणि तुमच्याकडून माझ्याकडे यायलाही. तेवढ्या वेळात टुव्हाने तुझ्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा तुझ्याकडे. मग बाही तोंडात घातली आणि बाहीतूनच म्हणाली, "मग ते रागीट आजोबा?"

"तेही," तू म्हणालीस.

मला तेव्हा पुष्कळ काही म्हणायला हवं होतं. मी शिक्षिका आहे, बोलण्यावर जगते. पण मी फक्त 'बरोबर' म्हटलं, जसं प्रत्येकाला म्हणते तसं. तेवढ्यात तुमच्याकडची घंटा झाली. टुव्हाला पोहायला जायचं होतं. ती पिशवी घेऊन पळाली, आणि पळताना मी तिला पहिल्यांदा पूर्ण पाहिलं, पायांपर्यंत. मग तूही उठलीस, हात पुढं आला, आणि चौकट काळी झाली.

मी तिथंच टेबलावर डोकं ठेवून रडले. वर्ग चालू आहे, तीन पोरं समोर बसलेली आहेत, हे विसरूनच गेले.

मग ओलाचा आवाज आला. बराच वेळ वाट पाहून, अगदी हलक्या आवाजात, इतक्या हलक्या आवाजात तो कधी बोलत नाही.

"आल्मा, तुझा आवाज चालू आहे. आम्हाला ऐकू येतंय."

"असू दे," मी म्हटलं.

आई